ठळक अक्षरांतलं पत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. अंबाबाईच्या गाभाऱ्यासमोर हात जोडून उभी राहिले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही – तिथंही मी दुसरंच काहीतरी मागत राहिले. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नीट माहीत नाही. मधेच थांबले तर थांबू द्या, एवढंच.

आधी लोक मला कशासाठी चांगलं म्हणतात ते सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कोल्हापुरात सायबर कॅफे नवे नवे निघाले तेव्हा राजारामपुरीत माझा एक होता. नवरा उचगावला फौंड्रीत होता, त्या धंद्यात तेव्हा मंदी आलेली. एका पगारात भागत नव्हतं. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची ते सोडून गाळा भाड्यानं घेतला आणि सात मशीन मांडली. बाकीच्या कॅफेंत प्लायवूडच्या बंद खोपट्या असायच्या, मी पडदासुद्धा लावला नाही. बाई चालवते म्हणून मुली यायच्या. आईबाप स्वतः आणून सोडायचे, दारातनंच विचारायचे, "म्याडम हाईत न्हवं? मग बस जा."

त्याच सुमारास एका कॅफेवाल्यानं एका मुलीचं मेल वाचलं आणि पानपट्टीवर चवीनं सांगितलं. बोभाटा झाला. मग आम्ही कॅफेवाल्यांनी मिळून एक मंडळ केलं, अकरा जणांचं. मी एकटीच बाई, म्हणून मला सचिव केलं. नियम मी लिहिला, माझ्या हातानं – गिऱ्हाइकाचं पत्र वाचलं किंवा दुसऱ्याला सांगितलं तर दंड पाच हजार, आणि ज्याला दंड झाला त्याचं नाव महिनाभर सगळ्या कॅफेंत फलकावर. सरकारी कायदा होता म्हणे, पण तो कुठं दिल्लीत, कुणी बघितला? आमचा नियम भिंतीवर होता. एका महिला मंडळानं बोलावून मला नारळ आणि शाल दिली. पेपरात चार ओळी आल्या. त्या मी कापून ठेवल्या.

कळलं ना? त्या गावात दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे सांगणारी बाई – ती मी.

आता ती टिक. मेलच्या साइटवर नाव आणि पासवर्ड टाकायच्या जागेखाली एक बारीक चौकोन असायचा – 'या संगणकावर मला लक्षात ठेवा'. त्यात टिक असली की ती साइट आपल्या मशीनमध्ये एक चिठ्ठी ठेवून जायची. कुकी म्हणतात तिला. पुढच्या वेळी साइट उघडली की ती चिठ्ठी बघायची आणि पासवर्ड न विचारता सरळ दार उघडायची. माणूस उठून घरी गेलं तरी चिठ्ठी मागंच. ती रोज पुसायची असते. कशी पुसायची हे मंडळातल्या सगळ्यांना मीच एका रविवारी फळ्यावर काढून शिकवलं होतं.

आणि माझ्या स्वतःच्या कॅफेत? मी पुसत नव्हते. सुरुवातीला कंटाळा म्हणून, खरंच. नंतर कंटाळा नव्हता.

आता कुठलीही साइट उघडली की खाली पट्टी येते – कुकी ठेवू का, परवानगी आहे का. विचारलं नाही म्हणून मोठमोठ्या कंपन्यांना दंड झाल्याचं पेपरात वाचते. घरातली पोरं न वाचता 'होय' दाबतात. माझा हात तिथं थांबतो. का थांबतो ते कुणी विचारत नाही, बरंच आहे.

गिरिजा. आतापर्यंत नाव टाळलं.

ती कर्नाटक सीमेजवळच्या नेसरीकडची, लिंगायत घरातली. वडील लहानपणीच गेले. आईनं पुढं दुसरं लग्न केलं, तेही जातीबाहेर, आणि ती हुबळीला गेली. पोर काकांकडं राहिली. हे काका म्हणजे गुळाचे व्यापारी, कोल्हापुरात राहायला आलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माझा गाळा त्यांचाच. पोरीवर त्यांचा जीव होता, हे खोटं नाही बोलणार. कॉलेजची फी, कपडालत्ता, कशाला कमी नाही. फक्त त्या घरात आईचं नाव काढायचं नाही, एवढंच.

गिरिजा तेव्हा एकोणीस वर्षांची. आठवड्यातून दोनदा यायची, चार नंबरच्या मशीनवर बसायची. मला अक्का म्हणायची. आमच्याकडच्या मुलींसारखी 'जातो-येतो' करत बोलायची – "अक्का, अर्धा तास बसतो की." मेल कसं उघडायचं ते तिला मीच शिकवलं. उठताना काय करायचं हेही मीच शिकवलं. खिडकी बंद केली की झालं, असं सांगितलं. बाहेर पडायचं वेगळं बटण असतं हे सांगितलं नाही. विसरले का? पहिल्या दिवशी विसरले असेन. पण ती सहा महिने येत होती.

ती उठली की पुढचं गिऱ्हाईक बसवायच्या आधी मी 'मशीन बघून घेते' म्हणायचे. आणि बघायचे.

आईची पत्रं असायची. हुबळीत कुठल्याशा कॅफेत जाऊन ती बाई एकेक अक्षर शोधून टाइप करत असणार – मराठी आणि कन्नड दोन्ही, इंग्रजी अक्षरांत, चुकांनी भरलेलं. सुरुवात नेहमी एकच, "ऊट आयता?" म्हणजे जेवलीस का. मग साधंच असायचं. शिवणाचं काम किती आलं, गुडघा कसा दुखतो, तू केस कापलेस का गं. गिरिजा उत्तर लिहायची, "अव्वा, तू काळजी करू नको." त्यात चोरून बघण्यासारखं काही नव्हतं. पण मला त्याची चटक लागली. माझ्या घरात कुणी कुणाला असं विचारत नव्हतं – हे कारण म्हणून सांगत नाही, तसं होतं एवढंच.

वाचत होते तोवर स्वतःला सांगत होते की मी कुणाला सांगत नाही ना. अर्धाच नियम मोडते. हसू नका.

मग अण्णांनी गाळा मागितला. त्यांच्या मुलाला मोबाइलचं दुकान घालायचं होतं. "दोन म्हैन्यात रिकामा करून द्या," म्हणाले. सात मशीनचं कर्ज डोक्यावर, गिऱ्हाईक त्या जागेला बांधलेलं. मी त्यांच्या घरी गेले. संध्याकाळची वेळ होती. सोप्यात बसून मी विनवण्या केल्या, वर्षभर तरी थांबा म्हटलं. ते शांतपणे मान हलवत होते, नाही म्हणायची मान. आतून बशीतला चहा आला. मी उठायच्या बेतात होते आणि –

बघा, इथं मी नेहमी थांबते. मनात शंभर वेळा इथपर्यंत आले असेन.

मी म्हणाले, "अण्णा, घरचं म्हणून एक सांगू का? कुणाला बोलू नका."

मी सांगितलं. गिरिजा आईला पत्रं लिहिते. येत्या शुक्रवारी ती बाई कोल्हापूरला येणार आहे, निळं इरकल नेसून, अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारापाशी दुपारी बारा वाजता थांबणार आहे आणि गिरिजा कॉलेजातनं परस्पर तिकडं जाणार आहे. आठ वर्षांनी भेटणार होत्या दोघी. तेही मी सांगितलं. आठ वर्षांनी, असं.

अण्णांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील, निदान विचारतील तरी – तुम्हाला कसं कळलं? त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. शेवटी म्हणाले, "बरं केलासा. गाळ्याचं ऱ्हाऊ द्या आता. बघू फुडं."

एवढाच सौदा. त्याला सौदा म्हणायचीही गरज पडली नाही.

शुक्रवारी मी कॅफे उघडला, उदबत्ती लावली. अकरा वाजले, साडेअकरा. राजारामपुरीतून महाद्वार रिक्षानं दहा मिनिटांवर. मी जाऊ शकले असते. जाऊन त्या बाईला म्हणू शकले असते की पोरीला घरात अडकवलं असणार, ती येणारच होती. बारा वाजले. एक मुलगा प्रिंटआउट मागायला आला, मी त्याला दोनदा चुकीचं पान काढून दिलं. एक वाजला. मग मी डबा उघडून जेवले.

महाद्वारात अण्णा स्वतः गेले होते, हे नंतर कळलं. त्यांनी त्या बाईला सांगितलं, पोरगी यायला तयार नाही, तिनंच मला पाठवलंय, पुन्हा लिहू नको.

इथं संपलं असतं तर – तर काय? कमी वाईट झालं असतं? माहीत नाही. पण संपलं नाही.

गिरिजा आठवडाभर आली नाही. चार नंबरच्या मशीनमधली तिची चिठ्ठी अजून चालू होती. मी रोज उघडून बघायचे. का? आता सांगून झालं होतं, गाळा राहिला होता, मग का? काहीतरी ठीक झालेलं दिसेल असं वाटत असेल.

बुधवारी दुपारी कॅफेत कुणी नव्हतं. मी उघडलं आणि वर एक नवं पत्र होतं, ठळक अक्षरांत. न वाचलेलं पत्र तेव्हाही ठळक दिसायचं. एकदा उघडलं की अक्षरं बारीक व्हायची. मला हे माहीत होतं. तोवर मी गिरिजानं वाचून झालेली पत्रंच वाचत होते. हे तिनं बघितलेलं नव्हतं.

मी उघडलं.

आईनं लिहिलं होतं – तुझे काका भेटले. तुला यायचं नव्हतं तर राहू दे, मी रागावले नाही. आम्ही हुबळी सोडतोय, ह्यांची नोकरी दावणगेरेला लागली. तिकडं मेल बघायला मिळेल असं वाटत नाही. म्हणून खाली घरचा पत्ता लिहिते. पोस्टानं एक ओळ टाक, न टाकलीस तरी चालेल. पत्ता मात्र जपून ठेव. आणि खाली पत्ता होता. खोली नंबर, चाळ, गिरणीचं नाव, पेठ.

मी परत यादीवर आले. अक्षरं बारीक झाली होती.

आता हे नीट ऐका, कारण सांगायचं होतं ते हेच. बाकीचं मी कधीतरी कुणापाशी बोललेही असते – गाळा वाचवायला चुगली केली, वाईट झालं, माणूस आहे. पण हे नाही. मी त्या बारीक अक्षरांकडं बघत बसले. गिरिजा परत आली, तिनं मेल उघडलं की तिला दिसणार – ती घरात कोंडलेली असताना कुणीतरी हे पत्र वाचलंय. कोण? ती बसते कुठं? माझ्याकडं. मी ते परत ठळक करायचा रस्ता शोधला. इकडं दाबलं, तिकडं दाबलं. सापडला नाही. दारातून कुणीतरी विचारलं, "मशीन रिकामं हाय का ओ?" मी ओरडून सांगितलं, "न्हाय!" सातच्या सात रिकामी होती.

आणि मी ते पत्र पुसलं. पुसलेली पत्रं एका डब्यात जातात. तो डबाही रिकामा केला. मग मशीन बंद करून परत चालू केलं आणि खात्री करून घेतली.

कागदावर तो पत्ता उतरवून घ्यायला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट. खरं सांगू? उतरवायची गरज नव्हती. एकदा वाचून तो मला पाठ झाला होता. अजून आहे.

सोमवारी गिरिजा कॉलेजातून सरळ माझ्याकडं आली. डोळे सुजलेले. आल्याआल्या मेल उघडलं. मी काउंटरमागं उभी. ती यादीत खाली खाली जात राहिली, परत वर आली. मग म्हणाली, "अव्वानं काय लिवलंच न्हाय, अक्का." मी तिला पाणी दिलं. तिनं तिथंच बसून आईला लांबलचक पत्र लिहिलं. ते पत्र वाचायला तिकडं कुणी नव्हतं, हे त्या खोलीत एका माणसाला माहीत होतं.

लिहून झाल्यावर ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "काकांना निळं इरकल बी म्हाईत हुतं. माझं मेल वाचलंय कुणीतरी. काका नाव सांगत न्हाईत. पण मला म्हाईत हाय." मी काउंटरवरची पेनं नीट लावली. "तुमची लाइन चार दिवस बंद हुती न्हवं, तवा मी शाहूपुरीत दिनकरभाऊंच्याकडं बसलेलो. तिथंच झालंय हे. अक्का, नियम तुमीच केलायसा. त्येला दंड करा."

दिनकरभाऊ पन्नाशीचे. आधी टायपिंगचा क्लास चालवायचे. टाइपरायटर गेले तसा कॅफे टाकला. स्वभावानं तुसडे, पण सरळ. मी त्यांना ओळखत होते. मी त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, अगं ते असं करणार नाहीत. एवढं तरी. मी कागद काढला आणि तिची तक्रार लिहून घेतली. शुद्धलेखन तपासून तिची सही घेतली.

दोन दिवसांनी मंडळानं तपासणी ठरवली. त्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी माझी सातही मशीन स्वच्छ पुसली. एकही चिठ्ठी ठेवली नाही. मग स्कूटीवरून शाहूपुरीला गेले.

दिनकरभाऊंच्या कॅफेत आम्ही सगळे उभे राहिलो. गिरिजाही होती, दाराशी. ती ज्या मशीनवर बसली होती ते अध्यक्षांनी चालू केलं, साइट उघडली. पासवर्ड न विचारता तिची पत्रपेटी समोर आली. 

दिनकरभाऊ पुढं वाकून पडद्याकडं बघत राहिले. म्हणाले, "ही टिक पुसायची असती हे मला ठावं न्हवतं. ताईंनी शिकवलं त्या रविवारी मी पुतणीच्या लग्नात हुतो. पण मी वाचलं न्हाय. देवाशपथ न्हाय." मग त्यांनी मान वर केली. "आनि वाचलं म्हणता, तर सांगितलं कुणाला? ह्या पोरीच्या काकाला मी वळखत बी न्हाय. त्येंचं घर कुठं हाय ते बी मला म्हाईत न्हाय. हितं कोण वळखतंय त्येंला?"

अकरा जणांत अण्णांना कोण ओळखतं? त्यांच्या गाळ्यात कोण बसतं? सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी नुसती मान वळवायची होती. मी वहीवर पेन टेकवून उभी होते. एका क्षणात कुणीतरी बघेल – आता – आता –

कुणी बघितलं नाही. मला शाल मिळालेली होती ना.

आणि मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "वाचलं की नाही हा प्रश्नच नाही. पत्र उघडं ठेवलं म्हणजे वाचायला दिलंच की. नियम तेवढ्यासाठीच आहे." नियमात असं कुठंही नव्हतं. लिहिणारी मीच, मला ठाऊक होतं. पण लिहिणारीच म्हणते म्हटल्यावर अध्यक्षांनी मान डोलावली. दंड ठरला.

दिनकरभाऊंनी तिसऱ्या दिवशी पैसे आणून दिले. पावती मी फाडली. त्यांच्या नावाचा फलक सगळ्या कॅफेंत लागला, माझ्याही, दारासमोरच्या भिंतीवर. खिळा मी ठोकला. एक दिवस ते स्वतः आले, फलकासमोर उभे राहून आपलं नाव वाचलं आणि मला म्हणाले, "ताई, बाकीच्यांचं जाऊ द्या. तुमचा तरी इश्वास हाय का माझ्यावर?"

मी म्हणाले, "नियम नियम असतो, दिनकरभाऊ."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं बघितलं. संशयानं नव्हे, तसं असतं तर बरं वाटलं असतं. वाईट वाटून बघितलं, आपल्या माणसानं हात सोडल्यावर बघतात तसं. मग गेले. महिना संपून फलक निघाला, पण त्यांच्याकडं परत एकही मुलगी गेली नाही. वर्षाच्या आत कॅफे बंद झाला. पुढं ते कोर्टाच्या आवारात छत्रीखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत बसायचे. मी तिकडून जायचं टाळायचे. एकदा चुकून समोर आले, तर त्यांनीच विचारलं, "बरं हाय न्हवं, ताई?"

गिरिजानं आईला आणखी तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग एके दिवशी पत्र परत आलं, ती पेटीच बंद झाली होती. त्या दिवशी ती माझ्या काउंटरवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. गिरणीचं नाव, चाळ, खोली नंबर – सगळं माझ्या जिभेवर होतं. कुठून कळलं असं ती विचारणार, म्हणून मी हात फिरवत राहिले. ती म्हणाली, "तुमच्याकडंच बसाय पायजे हुतं मी. चार दिवस थांबलो असतो तर हे झालं नसतं."

पुढं तिचं लग्न झालं, ती गडहिंग्लजला गेली. पत्रिका द्यायला घरी आली होती. हळदीकुंकवाला, दिवाळीला तिचा फोन यायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. प्रत्येक वेळी मी तिच्या सासूची तब्येत विचारायचे.

सहा वर्षं गेली. कॅफेंचे दिवस संपत आले होते. अण्णांनी अखेर गाळा काढून घेतलाच आणि तिथं मोबाइलचं दुकान निघालं. मंडळ कधी बंद पडलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी परत क्लासमध्ये शिकवायला लागले.

आणि एका दुपारी गिरिजाचा फोन आला. आवाज वेगळाच, हसतेय की रडतेय कळेना. आई सापडली होती. कुणाच्या तरी लग्नात दावणगेरेकडचं एक माणूस भेटलं, बोलण्यातून बोलणं निघालं, नवऱ्यानं गाडी काढली आणि ही लेकराला घेऊन गेली. आई आता नीट चालू शकत नव्हती. दारात हिला बघून तिनं आधी ओळखलंच नाही. मग म्हणाली, सहा वर्षं झाली, एक ओळ टाकायची होतीस गं. पोस्टमन आला की मी जिन्यात जाऊन बसायची.

"अक्का," गिरिजा म्हणाली, "अव्वानं पत्ता पाठवला हुता. मेलवर. शेवटच्या पत्रात." ती थांबली. मी फोन कानाला घट्ट धरला होता. मला वाटलं, आता. आता तिला कळलंय. खोटं नाही सांगत, त्या एका क्षणात मला सुटल्यासारखं झालं.

पण ती म्हणाली, "म्हंजे त्या दिनकरनं पत्र नुसतं वाचलं न्हाय, पुसलं बी. किती वंगाळ माणूस असंल ओ. तुमी दंड केलासा ते बेस झालं."

आणि ती माझ्या बोलण्याची वाट बघत राहिली.

मी म्हणाले, "व्हय."